जुन्या संगणकाचा चित्रकार बदलताना

विद्यार्थी मित्रहो, समजा तुमच्या शाळेला एका माजी विद्यार्थ्याने आपला जुना संगणक भेट दिला आहे. दिसायला तो मोठा रुबाबदार आहे. टेबलाखाली वेगळी पेटी नाही, तारांचे जंजाळ नाही. २७ इंची पडदा आणि त्या पडद्याच्या पाठीशीच सारा संगणक सामावलेला. अशा संगणकाला ‘ऑल-इन-वन’ म्हणतात. काही महिने तो उत्तम चालतो. मग एके दिवशी चालू केल्याबरोबर पडद्यावर उभ्या रंगीत रेघा उमटतात आणि थोड्याच वेळात पडदा काळा पडतो. आतला पंखा फिरत असतो, सुरू होतानाचा नेहमीचा आवाजही आलेला असतो. पण चित्र काही दिसत नाही.

दुकानदार म्हणतो, “दहा-पंधरा वर्षांचे यंत्र आहे, भंगारात द्या.” वर्गातला एक हुशार विद्यार्थी म्हणतो, “सर, ग्राफिक्स कार्ड बदलले की झाले!” आता शिक्षकांनी कोणाचे ऐकावे? संगणक टाकून द्यावा, तर चांगला पडदा आणि चांगला प्रोसेसर वाया जातो. दुरुस्त करावा, तर शाळेचे पैसे पाण्यात जाण्याची भीती. अशा वेळी अंदाजाने निर्णय घेऊन चालत नाही. हे कार्ड काय काम करते, ते का बिघडते आणि ते बदलताना कोणत्या अडचणी येतात, हे नीट समजून घेतले पाहिजे. चला तर, आपण ते पायरीपायरीने पाहू या.

उदाहरण म्हणून आपण अ‍ॅपल कंपनीचा मे २०११ मध्ये बाजारात आलेला २७ इंची आयमॅक घेऊ. तो निवडण्याचे कारण असे, की त्यातले ग्राफिक्स कार्ड सुटे आहे, म्हणजे काढता-घालता येते. बहुतेक ऑल-इन-वन संगणकांत ही सोय नसते.

चित्र म्हणजे आकडेच

संगणकाचा पडदा म्हणजे बारीक बारीक चौकटींचा एक भला मोठा आलेखकागद आहे अशी कल्पना करा. या प्रत्येक चौकटीला पिक्सेल म्हणतात. आपल्या आयमॅकच्या पडद्यावर आडव्या ओळीत २,५६० आणि उभ्या ओळीत १,४४० पिक्सेल आहेत. दोन्हींचा गुणाकार करा. उत्तर येते ३६,८६,४००.

प्रत्येक पिक्सेलमध्ये लाल, हिरवा आणि निळा असे तीन बारीक दिवे असतात. प्रत्येक दिवा किती प्रकाशमान व्हावा हे ० ते २५५ यांमधील एका आकड्याने सांगितले जाते. तिन्ही आकडे २५५ असतील तर तो ठिपका पांढरा, तिन्ही ० असतील तर काळा. असा एक आकडा साठवायला एक बाइट जागा लागते. म्हणजे एका संपूर्ण चित्रासाठी ३६,८६,४०० × ३ = १,१०,५९,२०० बाइट लागतात. पडद्यावरचे चित्र सेकंदाला ६० वेळा ताजे केले जाते. पुन्हा गुणाकार करा. दर सेकंदाला ६६ कोटींहून अधिक आकडे पडद्याकडे धाडावे लागतात!

आता हे आकडे धाडणे वेगळे आणि मुळात ते ठरवणे वेगळे. एखाद्या खेळात मोटार वळण घेते तेव्हा तिच्यावर ऊन कोठून पडले, सावली कोठे गेली, झाडामागे मोटारीचा किती भाग लपला, हे सारे गणिताने काढावे लागते आणि तेही प्रत्येक पिक्सेलसाठी. हे आकडे ठरवून चित्र रंगवणारा जो चित्रकार संगणकाच्या पोटात बसलेला असतो, त्याचे नाव ग्राफिक्स कार्ड.

चार पंडित आणि नऊशे साठ मुले

तुम्ही विचाराल, गणिते करायला संगणकात प्रोसेसर असतोच की! मग हा दुसरा चित्रकार कशाला?

असे पाहा. शाळेच्या मैदानावर ९६० चौकोनांची रांगोळी काढायची आहे. तुमच्याकडे चार निष्णात पंडित आहेत. कठीणातले कठीण गणित ते चुटकीसरशी सोडवतात. दुसरीकडे ९६० मुले आहेत. त्यांना एकच साधे काम येते, ‘सांगितलेला रंग आपल्या चौकोनात भर’. रांगोळी कोण लवकर पुरी करील? अर्थातच मुले. कारण प्रत्येक चौकोनाचे काम शेजारच्या चौकोनावर अवलंबून नाही आणि सगळी मुले एकाच वेळी कामाला लागू शकतात.

आपल्या आयमॅकमधील प्रोसेसरला चार गाभे आहेत. ते झाले चार पंडित. त्याच संगणकाच्या काही नमुन्यांत एएमडी कंपनीचे रेडिऑन एचडी ६९७० एम हे ग्राफिक्स कार्ड बसवलेले होते. त्याच्या मुख्य चिपवर ९६० लहान गणनघटक आहेत. ती झाली आपली मुले. चित्र रंगवण्याचे काम असे वाटून करता येते म्हणूनच त्यासाठी वेगळ्या घडणीची चिप लागते. रंगांचे आकडे आणि वस्तूंची चित्रे हाताशी असावीत म्हणून कार्डावर स्वतःची वेगळी स्मृतीही असते.

कार्ड आजारी का पडते?

इतकी मुले एकदम पळू लागली की मैदान तापणारच! कार्ड जेवढी वीज घेते, ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णतेत बदलते. एखादे कार्ड ५० वॉट वीज घेत असेल, तर ते ५० वॉटची शेगडीच म्हणा ना. फरक इतकाच की ही शेगडी बोटाच्या पेराएवढ्या जागेत पेटलेली असते.

आता भौतिकशास्त्रातला तुमच्या ओळखीचा नियम आठवा. तापवले की पदार्थ प्रसरण पावतात. पण सगळे सारखे नाही. चिप सिलिकॉनची असते. १ अंश सेल्सियस तापमान वाढले की सिलिकॉनची लांबी दहा लाख भागांत सुमारे २.६ भागांनी वाढते. चिपखालची पाटी मात्र काचतंतू, राळ आणि तांबे यांची बनलेली असते. ती साधारण १६ भागांनी, म्हणजे सुमारे सहापट अधिक वाढते. समजा चिपची बाजू २० मिलिमीटर आहे आणि तापमान २५ अंशांवरून ८५ अंशांवर गेले. हिशेब करून पाहा: सिलिकॉन ०.००३ मिलिमीटर वाढेल आणि पाटी सुमारे ०.०१९ मिलिमीटर. फरक फारच थोडा, माणसाच्या केसाच्या जाडीहून कितीतरी कमी. पण या दोघांना जोडणारे जे सोल्डरचे, म्हणजे डाखाचे, सूक्ष्म थेंब असतात, त्यांना प्रत्येक वेळी हा ताण सोसावा लागतो.

शाळेचा संगणक वर्षातून २०० दिवस आणि दिवसातून दोनदा चालू-बंद झाला, तर दहा वर्षांत ४,००० वेळा हे ताणणे आणि सैल होणे घडते. लोखंडाची बारीक तार हातात घेऊन पुन्हा पुन्हा वाकवली की ती अखेर तुटते, हे तुम्ही केलेच असेल. याला धातूचा थकवा म्हणतात. डाखाच्या एखाद्या थेंबाला असाच तडा जातो. मग काही आकडे पडद्यापर्यंत पोहोचत नाहीत किंवा चुकीचे पोहोचतात आणि पडद्यावर रेघा उमटतात.

हा केवळ तर्क नाही. मे २०११ ते ऑक्टोबर २०१२ या काळात विकलेल्या २७ इंची आयमॅकपैकी काहींतील ६९७० एम कार्डे बंद पडू शकतात, हे अ‍ॅपल कंपनीने स्वतः मान्य केले होते आणि ऑगस्ट २०१३ मध्ये ती विनामूल्य बदलून देण्याची योजना जाहीर केली होती. त्या योजनेची मुदत केव्हाच संपली. त्यामुळे आज असा संगणक ज्याच्याकडे आहे त्याला स्वतःच उपाय शोधावा लागतो.

येथे एक धोक्याची सूचना. ‘कार्ड ओव्हनमध्ये भाजले की बरे होते’ असे सांगणारे लोक तुम्हांला भेटतील. कधी कधी ते काही दिवस चालतेही, कारण तापल्याने तड्याच्या दोन्ही कडा तात्पुरत्या एकमेकींना टेकतात. पण तडा सांधला जात नाही. या कार्डांवरील शिसेविरहित डाख सुमारे २१७ अंशांना वितळतो. तितक्या तापमानाला कार्डावरचे इतर भाग बिघडतात, राळेचा आणि प्लॅस्टिकचा विषारी धूर निघतो आणि तो ज्या ओव्हनमध्ये आपण खाण्याचे पदार्थ करतो त्यात साचतो. हा उपाय कधीही करू नका.

आधी निदान, मग औषध

डॉक्टर ताप पाहिल्याशिवाय औषध देत नाहीत. आपणही दोष खरोखर कार्डातच आहे ना, याची खात्री करून घ्यावी. यासाठी संगणक उघडावा लागत नाही. आयमॅकच्या मागच्या बाजूला बाहेरचा दुसरा पडदा जोडण्याची खाच असते. योग्य जोडणी वापरून तेथे दुसरा पडदा लावून पाहा. दोन्ही पडद्यांसाठी चित्र काढणारा चित्रकार एकच आहे. तेव्हा दुसऱ्या पडद्यावरही रेघा आल्या तर चित्रकार आजारी आहे. दुसऱ्या पडद्यावर चित्र स्वच्छ आले तर चित्रकार ठणठणीत असून मूळ पडदा किंवा त्याकडे जाणारी तार बिघडली आहे. एका साध्या चाचणीने नको त्या वस्तूवरचा खर्च कसा वाचतो ते पाहा!

नव्या चित्रकाराला पाच प्रश्न

समजा दोष कार्डातच निघाला. आता बाजारात जाऊन सर्वांत वेगवान कार्ड आणावे काय? थांबा. नव्या कार्डाला पाच प्रश्न विचारल्याशिवाय त्याला घरात घेऊ नये.

पहिला प्रश्न: तू बसशील का? टेबलाखालच्या पेटीच्या संगणकातील ग्राफिक्स कार्ड चांगले वीतभर लांब आणि दोन-तीन बोटे जाड असते. पडद्यामागच्या चिंचोळ्या जागेत ते मावणार नाही. आयमॅकमध्ये लॅपटॉपसाठी ठरवलेल्या ‘एमएक्सएम’ नावाच्या प्रमाण मापाचे कार्ड असते. एनव्हिडिया कंपनीने ही पद्धत २००४ मध्ये पुढे आणली. या कार्डांची रुंदी ८२ मिलिमीटर असते आणि लांबी त्यांच्या प्रकारानुसार ७० किंवा १०५ मिलिमीटर. म्हणजे ते साधारण पोस्टकार्डाहूनही लहान असते. खाचेचे माप ठरलेले असल्यामुळे एका कंपनीच्या कार्डाच्या जागी दुसऱ्या कंपनीचे कार्ड बसू शकते. पण २०१२ च्या अखेरीस आलेल्या सडपातळ आयमॅकपासून ग्राफिक्सची चिप मदरबोर्डावरच डाखाने कायमची जोडलेली असते. तेथे हा पहिलाच प्रश्न ‘नाही’ म्हणतो आणि पुढचे प्रश्न विचारण्याचे कारण उरत नाही.

दुसरा प्रश्न: तुला वीज किती लागेल? आपल्या आयमॅकमधील वीजपुरवठ्याचा भाग ३१० वॉटचा आहे. त्यातून प्रोसेसर, पडद्यामागचा प्रकाश, डिस्क, पंखे अशा सर्वांचे भागवायचे असते. एकट्या प्रोसेसरसाठीच ९५ वॉटची तरतूद धरलेली असते. त्यामुळे नवे कार्ड खादाड नसावे. या कामासाठी पुष्कळ हौशी लोकांनी एनव्हिडियाचे २०१३ मधील क्वाड्रो के ११०० एम आणि के २१०० एम यांसारखी कार्डे वापरली. त्यांची गरज अनुक्रमे ४५ आणि ५५ वॉट आहे.

तिसरा प्रश्न: तुझी उष्णता कोण वाहून नेईल? कार्डाच्या चिपवर तांब्याची पट्टी आणि तिला जोडलेली पोकळ नळी असते. या नळीत अगदी थोडा द्रव असतो. गरम टोकाला त्याची वाफ होते, ती थंड टोकाकडे जाते, तेथे उष्णता सोडून पुन्हा द्रव होते आणि आतल्या जाळीतून परत येते. या साऱ्या रचनेला हीट सिंक म्हणतात. अडचण अशी, की जुन्या कार्डासाठी घडवलेले हीट सिंक नव्या कार्डावर अचूक बसेलच असे नाही. स्क्रूची भोके जुळली पाहिजेत, चिपची उंची जुळली पाहिजे आणि भोवतालच्या स्मृती-चिपांवरही उष्णता नेणाऱ्या मऊ पट्ट्या टेकल्या पाहिजेत. एका बाजूला केसभर फट राहिली तरी चिप भाजून निघते. याचे कारण पुढे एका प्रयोगात पाहू.

चौथा प्रश्न: तुला या घराची भाषा येते का? संगणक चालू होताच, डिस्कवरचे काहीही वाचण्याआधी, मदरबोर्डावरील एक छोटा कायमचा प्रोग्राम जागा होतो आणि प्रत्येक भागाची हजेरी घेतो. कार्डावरही स्वतःचा एक छोटा प्रोग्राम असतो; तो हजेरीला उत्तर देतो. सर्वसाधारण लॅपटॉपसाठी बनवलेल्या कार्डाला आयमॅकची ही हजेरीची भाषा येत नाही. म्हणून असे कार्ड बसवले तर सुरुवातीचे चित्र दिसतच नाही. पडदा काळा राहतो आणि ऑपरेटिंग सिस्टिम पूर्ण उघडल्यावर एकदम चित्र उमटते. पुष्कळदा पडद्याचा उजेड कमी-जास्त करण्याची सोयही नाहीशी होते. कार्डावरील त्या छोट्या प्रोग्रामच्या जागी सुधारलेला प्रोग्राम लिहून ही अडचण दूर करता येते. पण ते काम जाणकारानेच करावे. लिहिताना चूक झाली तर कार्ड मुके होऊन बसते.

पाचवा प्रश्न: ऑपरेटिंग सिस्टिमशी तुझे जमेल का? ऑपरेटिंग सिस्टिम आणि कार्ड यांच्यामध्ये ड्रायव्हर नावाचा दुभाष्या असतो. ज्या कार्डाचा दुभाष्या उपलब्ध नाही ते कितीही वेगवान असले तरी उपयोगाचे नाही. अ‍ॅपलने २०११ च्या आयमॅकला अधिकृतपणे २०१७ च्या ‘हाय सिएरा’ या आवृत्तीपर्यंतच साथ दिली. २०१८ च्या ‘मोहावी’ या आवृत्तीने ‘मेटल’ नावाची नवी चित्रपद्धती जाणणारे कार्ड हवेच अशी अट घातली आणि जुन्या ६९७० एम कार्डाला ती पद्धती येत नाही. वर सांगितलेल्या क्वाड्रो कार्डांना ती येते. म्हणूनच केवळ दुरुस्तीसाठी नव्हे, तर अधिक नवी प्रणाली चालवता यावी म्हणूनही लोकांनी कार्डे बदलली. पण पुढे २०२१ च्या आवृत्तीतून या क्वाड्रो कार्डांचाही दुभाष्या काढून टाकण्यात आला. अधिकृत साथ संपल्यानंतरच्या आवृत्त्या चालवायच्या तर हौशी तंत्रज्ञांनी बनवलेली साधने वापरावी लागतात. शाळेसाठी अशा वेळी लिनक्स ही मोफत प्रणाली हा एक चांगला पर्याय आहे.

पाहिलेत ना? ‘कार्ड बदलले की झाले’ या चार शब्दांत केवढे काम दडले आहे ते!

हात घालण्यापूर्वी

मित्रहो, हा परिच्छेद वगळून पुढे जाऊ नका. पेटीच्या संगणकात वीजपुरवठ्याचा भाग स्वतःच्या पत्र्याच्या डब्यात बंद असतो. ऑल-इन-वनमध्ये मात्र तो पडद्याच्या मागे उघडाच बसवलेला असतो आणि हात घालणाऱ्याचे बोट त्याला सहज लागू शकते.

आपल्या घरातील वीज २३० व्होल्टची असली तरी तिचे शिखर २३० × १.४१४, म्हणजे सुमारे ३२५ व्होल्ट असते. वीजपुरवठ्यातील मोठा कपॅसिटर निदान तेवढ्या दाबाला भारित होतो. समजा त्याची धारकता २०० मायक्रोफॅरड आहे. साठलेली ऊर्जा धारकता आणि दाबाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या निम्मी असते. हिशेब केला तर ती साडेदहा ज्यूल येते. एक किलो वजनाचा दगड एक मीटर उंचीवरून पडला तर जेवढी ऊर्जा देतो तेवढी ही ऊर्जा, पण ती क्षणार्धात शरीरातून जाणार! प्लग काढल्यानंतरही हा भार काही काळ टिकून राहतो. म्हणून असा संगणक विद्यार्थ्यांनी स्वतः उघडू नये. हे काम अनुभवी तंत्रज्ञाने करावे. तुम्ही शिक्षकांसह शेजारी उभे राहून निरीक्षण करावे आणि नोंदी ठेवाव्यात. शिकायला तेवढे पुरे आहे.

दुसरा शत्रू दिसत नाही आणि बहुधा जाणवतही नाही. थंडीच्या कोरड्या दिवसांत लोकरी स्वेटर काढताना चटचट आवाज येतो ना? ती स्थिर विद्युत. ठिणगी आपल्याला जाणवण्यासाठी सुमारे तीन हजार व्होल्ट लागतात. नाजूक चिप मात्र त्याच्या कितीतरी कमी दाबानेही जळू शकते. म्हणून कारागीर मनगटाला भूमीशी जोडलेला पट्टा बांधतो आणि कार्ड नेहमी कडेने धरतो.

कारागीर काय करतो?

प्लग काढून बराच वेळ वाट पाहिल्यावर तो संगणक मऊ कापडावर आडवा ठेवतो. २०११ च्या आयमॅकची पुढची काच लोहचुंबकांनी धरलेली असते. रबरी चोषक कप लावून ती उचलली की निघते. मग पडद्याचे आठ स्क्रू काढायचे. जवळच चुंबक असल्याने सुटलेला स्क्रू उडी मारून भलतीकडे जाऊन चिकटतो! पडदा हळूच वर करून त्यामागच्या बारीक तारा सोडवायच्या. ग्राफिक्स कार्ड मदरबोर्डाच्या मागील बाजूस असते. त्यामुळे तारा, पंखे आणि स्क्रू क्रमाने सोडवत संपूर्ण मदरबोर्ड बाहेर काढावा लागतो. कारागीर प्रत्येक पायरीचे छायाचित्र घेतो आणि स्क्रू ज्या जागेचे त्या जागेचे नाव लिहिलेल्या कागदावर मांडून ठेवतो. तुमच्या नोंदवहीचा उपयोग येथेच होतो.

मग हीट सिंक सोडवून जुने कार्ड काढायचे, वाळलेली जुनी थर्मल पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, नव्या चिपवर ताज्या पेस्टचा पातळ थर द्यायचा, स्मृती-चिपांवर योग्य जाडीच्या पट्ट्या ठेवायच्या आणि हीट सिंक बसवायचे. स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांतले, थोडे थोडे, आळीपाळीने आवळतात. एकच कोपरा आधी घट्ट केला तर दाब एका बाजूला येऊन चिपचा कोपरा तडकू शकतो.

मदरबोर्डावर चार छोटे दिवे आहेत. पहिला दिवा वीज पोहोचल्याचे आणि दुसरा संगणक चालू झाल्याचे सांगतो. तिसरा कार्डाशी बोलणे जमल्याचे आणि चौथा पडद्याशी बोलणे जमल्याचे. कोणता दिवा पेटला नाही यावरून कारागीर काम कोठे अडले ते ओळखतो. यंत्र बनवणाऱ्याने दुरुस्ती करणाऱ्यासाठी ठेवलेली ही केवढी मोलाची खूण!

खरेच वेग वाढेल का?

समजा संगणक बिघडलेला नाही, नुसता सुस्त आहे. मग नवे कार्ड घातले तर तो धावू लागेल काय? याचे उत्तर देणारा नियम जीन अ‍ॅमडाल या संगणक-रचनाकाराने १९६७ मध्ये मांडलेल्या विचारातून निघाला.

एका कामाला १०० सेकंद लागतात आणि त्यातले ८० सेकंद चित्र काढण्यात जातात असे धरा. चौपट वेगाचे कार्ड बसवले. आता चित्राला २० सेकंद आणि बाकीच्या कामाला पूर्वीइतकेच २० सेकंद, एकूण ४० सेकंद लागतील. काम अडीचपट लवकर झाले. त्रिमितीय आकृत्या किंवा चलचित्रे यांच्या कामात असे घडते.

पण निबंध टंकलिखित करताना किंवा हिशेबाचे तक्ते भरताना चित्राच्या वाट्याला १०० पैकी जेमतेम १० सेकंद येत असतील. तेच कार्ड बसवले तर १० चे अडीच सेकंद होतील आणि एकूण वेळ साडेब्याण्णव सेकंद. एवढा खर्च करून हाती साडेसात सेकंद! अशा संगणकात फिरत्या तबकडीची जुनी डिस्क काढून तेथे एसएसडी बसवणे आणि स्मृती वाढवणे हा बहुधा अधिक शहाणपणाचा खर्च ठरतो. आधी अडथळा कोठे आहे ते शोधा. मग पैसे तेथे खर्च करा.

शेवटी निर्णय काय?

आता आपल्या शाळेकडे परत येऊ. बाहेरच्या पडद्याची चाचणी करून दोष कार्डातच आहे हे ठरले, कार्ड सुटे आहे, पाचही प्रश्नांची उत्तरे समाधानकारक आहेत, भरवशाचा कारागीर आहे आणि कार्ड व मजुरी मिळून होणारा खर्च तितक्याच कामाच्या दुसऱ्या संगणकापेक्षा बराच कमी आहे, तर दुरुस्ती जरूर करावी. यांपैकी एकही कडी तुटली तर थांबावे. जुनी कार्डे बहुधा वापरलेलीच मिळतात. तेव्हा न चालल्यास परत घेणाऱ्या विक्रेत्याकडूनच ती घ्यावीत.

थांबावे लागले म्हणून संगणक रद्दीवाल्याच्या हाती देऊ नका. त्याची स्मृती आणि डिस्क दुसऱ्या संगणकात उपयोगी पडू शकते. उरलेल्या भागांत तांबे आणि थोडे सोनेही असते, तसेच आरोग्याला घातक द्रव्येही असतात. ते उघड्यावर जाळून धातू काढणाऱ्यांच्या फुप्फुसांत त्याचा धूर जातो. आपल्या देशात १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू झाले आहेत. त्यानुसार असा कचरा नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच गेला पाहिजे. देण्यापूर्वी डिस्कवरील शाळेची माहिती पुसण्यास विसरू नका.

करून पाहा

१. पिक्सेल पाहणे. मोबाइल फोनचा पडदा पांढरा ठेवा आणि ओल्या बोटाने त्यावर पाण्याचा अगदी बारीक शिंतोडा पाडा. थेंब बहिर्गोल भिंगाचे काम करतो. त्यातून निरखून पाहा. लाल, हिरवे, निळे ठिपके दिसतील. पाहून झाल्यावर पाणी लगेच पुसा.

२. थर्मल पेस्ट कशासाठी? दोन सारख्या स्टीलच्या वाट्या आणि दोन सारखी ताटे घ्या. ताटे पालथी ठेवा. एका ताटावर वाटी कोरडीच ठेवा. दुसऱ्या ताटावर चमचाभर पाणी टाकून त्यावर वाटी दाबून बसवा. दोन्हींत सारखे कोमट-गरम पाणी सारख्याच प्रमाणात ओता आणि दर दोन मिनिटांनी तापमापीने तापमान नोंदवा. कोणत्या वाटीतील पाणी लवकर निवते? आलेख काढा. तांबे हवेपेक्षा सुमारे पंधरा हजार पट चांगले उष्णतावाहक आहे. त्यामुळे दोन धातूंमध्ये हवेचा पातळ थर राहिला तरी तो भिंतीसारखा आडवा येतो. पाण्याने, आणि कार्डावर पेस्टने, ही भिंत दूर होते.

३. उदाहरण. तुमच्या शाळेतील पडदा १,९२० × १,०८० पिक्सेलचा असेल आणि चित्र सेकंदाला ६० वेळा ताजे होत असेल, तर दर सेकंदाला किती बाइट लागतील? (उत्तर: ३७,३२,४८,०००)

हे तीन प्रयोग आणि वरचे पाच प्रश्न वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी कोणी “भंगारात द्या” किंवा “कार्ड बदला” असे म्हटले, की ती वही उघडा आणि एकेक प्रश्न विचारू लागा.